ग्रास पेव्हर : पार्किंगला घ्या, बागेच्या जागी घेऊ नका

आमची सोसायटी कोथरूडची, पौड रस्त्यापासून जरा आत, ऐंशीच्या दशकात उभी राहिलेली. तेव्हा बहुतेक घरांत एक स्कूटर असायची आणि पार्किंगही त्याच हिशेबाने ठेवलेलं. आता घरटी एक चारचाकी आणि वर दोन दुचाक्या. साहजिकच कमिटीच्या बैठकीत सगळ्यांची नजर मधल्या बागेवर गेली. तिथे बुचाची दोन झाडं, एक जुना आंबा, पारिजातक, मुलांची घसरगुंडी आणि संध्याकाळी ज्येष्ठांनी भरून जाणारे बाक आहेत.

कंत्राटदाराने ग्रास पेव्हर सुचवले. मधे भोकं असलेले काँक्रीटचे ब्लॉक, भोकांत माती आणि गवत, वर गाडी. "मॅडम, बागही राहते आणि पार्किंगही होतं," असं त्याचं म्हणणं. आम्ही ते बागेत न बसवता बी विंगच्या बाजूच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत आणि कुंपणामधल्या मोकळ्या पट्टीत, बसवले. आता त्यांच्यावरून सगळे ऋतू गेलेत, तेव्हा नीट लिहिते.

आधी चांगलं. बी विंगच्या जिन्यापाशी दर पावसाळ्यात तळं साचायचं, ते बंद झालं. पाणी सरळ खाली मुरतं. पण हे श्रेय ब्लॉकपेक्षा खालच्या कामाचं जास्त आहे. आमच्याकडे फूटभर खणलं की काळी माती लागते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर ब्लॉक बसवले तर वर्षभरात वरखाली होतात. आम्ही ती काढायला लावली, मुरूम आणि खडी भरून घेतली, वर कचेचा, म्हणजे बारीक दगडी चुरीचा, थर आणि मग 80 मिलिमीटर जाडीचे ब्लॉक. कंत्राटदार 60 चे देत होता. ते पायवाटेला ठीक, गाडीखाली नकोत. भोकांतली माती काठोकाठ भरू देऊ नका. बोटाच्या पेराएवढी खाली राहिली तर टायर काँक्रीटवरून जातो आणि गवताचा कोंब वाचतो. आमच्या पहिल्या दोन रांगा कामगारांनी तुडुंब भरल्या होत्या, त्या मी उभं राहून परत काढायला लावल्या.

गवत हराळीचं मागा. शोभेचं नाजूक गवत इथे टिकत नाही. आणि हराळीला ऊन लागतं, सगळी मेख इथेच आहे. दिवसभर गाडी बाहेर गेली तर गवत छान राहतं. आमच्याकडे मेट्रो आल्यापासून उलटं झालंय. वनाझ ते गरवारे कॉलेज 6 मार्च 2022 ला सुरू झाली, 1 ऑगस्ट 2023 ला ती रूबी हॉलपर्यंत गेली, आणि आमच्यातले बरेच जण आता आयडियल कॉलनीला चालत जाऊन मेट्रोने कामाला जातात. मला याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांच्या गाड्या आठवडाभर हलत नाहीत, आणि त्यांच्याखाली आता नुसती माती उरली आहे. जे रोज गाडी काढतात त्यांच्या जागा हिरव्या आहेत. ऑइल गळणाऱ्या गाडीखाली तर काहीच उगवत नाही.

दुचाकी या ब्लॉकवर लावूच नका. साइड स्टँड भोकातल्या ओल्या मातीत रुततो आणि गाडी आडवी होते. काठी घेऊन चालणाऱ्यांनाही ही भोकं धोक्याची. आम्ही कडेने साध्या ब्लॉकची चालण्यापुरती पट्टी घेतली, ती कंत्राटदाराच्या आराखड्यात नव्हती. व्हीलचेअर असलेल्या घराने तर ही पट्टी आधी मागावी.

आता बागेबद्दल, कारण मुख्य मुद्दा तोच आहे. जिथे गाड्या उभ्या राहतात ती जागा कितीही हिरवी असली तरी तिथे मूल खेळत नाही आणि आजी बसत नाहीत. म्हणून "बागही राहते" हे म्हणणं मला मान्य नाही. मी कमिटीला मंजूर नकाशा काढायला सांगितला. त्यात बाग मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे, आणि अशी जागा सर्वसाधारण सभेच्या ठरावाने पार्किंगची होत नाही. आत्ताच्या यूडीसीपीआरमध्येही (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती माणसांसाठीच. झाडं काढायची तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आमचा आंबा सोसायटीच्याही आधीचा, बहुधा 50 वर्षांच्या पुढचा, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा झाडाला हेरिटेज ट्री म्हणून जास्त संरक्षण आहे. झाड ठेवून खाली ब्लॉक बसवणं हाही उपाय नाही. ब्लॉकखालचे थर दाबताना मुळांभोवतीची माती घट्ट होते आणि झाड हळूहळू वाळतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडाभोवतीचा एक मीटर भाग काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. मोठ्या झाडाची मुळं तर त्याच्या कितीतरी पुढे जातात.

मग गाड्या कुठे मावल्या? स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, धूळ खात पडलेल्या, टायर बसलेल्या स्कूटर आणि मोडक्या सायकली होत्या. मालकांना लेखी कळवून, मुदत देऊन त्या हलवल्या. मग पट्टे नव्याने मारले. नियमाने चारचाकीला अडीच बाय पाच मीटर लागतात आणि दुचाकीला एक बाय दोन, म्हणजे एका गाडीच्या जागेत ओळीने पाच दुचाक्या. पूर्वी त्या वाटेल तशा लागायच्या, आता सरळ रांगेत लागतात. या कामाला फक्त रंग, पत्रं आणि वॉचमनकाकांची चिकाटी लागली, आणि सगळ्यात जास्त जागा इथेच मिळाली. म्हणून ब्लॉकचं कोटेशन मागवण्याआधी हे काम करा.

खर्च साध्या पेव्हरपेक्षा जास्त येतो, कारण खालचे थर, माती, गवत आणि वर माळी. मार्च ते मे पाणी द्यावं लागतं, आणि काँक्रीट तापल्यावर गवत कडेने आधी पिवळं पडतं. आम्ही बोअरचं पाणी संध्याकाळी देतो. प्लॅस्टिकच्या जाळीचाही नमुना बघितला. तिच्यात गवताला खूप जास्त जागा मिळते, काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये मात्र मातीला निम्म्याच्या आसपासच. पण आमच्याकडे वळण अरुंद, लोक गाडी जागेवरच स्टिअरिंग फिरवून काढतात, तिथे मला काँक्रीटचीच खात्री वाटली.

घ्यायचेच असतील तर ब्लॉकची जाडी, खालच्या प्रत्येक थराची जाडी, काळी माती काढून बाहेर नेण्याचा खर्च आणि पहिल्या पावसाळ्यानंतर खचलेले ब्लॉक फुकट बसवून देण्याची अट, हे सगळं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. काम जूनच्या तोंडावर सुरू करू नका. गवताला मूळ धरायला वेळ लागतो आणि तोवर त्या जागेवर गाडी लावता येत नाही. आम्ही तेवढे दिवस शेजारच्या सोसायटीत गाड्या लावल्या, त्यांचे आभार.