एमआयटीचा फुकट कॅल्क्युलस कोर्स (१८.०१) : डिप्लोमावाल्यांनो, एम थ्रीच्या आधी हा करा

आधीच सांगतो, एमआयटी म्हणजे कोथरूडची नाही, अमेरिकेतली, बॉस्टनला लागून केंब्रिज आहे तिथली. त्यांनी २००१ मध्येच जाहीर केलं होतं की आमच्या कोर्सेसचं साहित्य नेटवर सगळ्यांना फुकट देणार, त्यालाच ओपनकोर्सवेअर म्हणतात, आणि त्यातला १८.०१ म्हणजे सिंगल व्हेरिएबल कॅल्क्युलस मी पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. चार महिने लागले. रोज रात्री जेवण झाल्यावर दीड-दोन तास.

माझं सांगायचं तर दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकल डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला. या वाटेने आलेल्यांना माहितीये, फर्स्ट इयरचे एम वन एम टू (इंजिनिअरिंग मॅथ्सचे पहिले दोन पेपर) आपले होतच नाहीत आणि आल्या आल्या एम थ्री म्हणजे तिसरा पेपर समोर येऊन बसतो, लाप्लास, फुरियर ही वरच्या पातळीची, कॅल्क्युलसवर उभी असलेली गणितं, सगळं. डिप्लोमात विकलन-संकलन (डिफरन्सिएशन-इंटिग्रेशन, म्हणजेच कॅल्क्युलस) झालेलं असतं पण फॉर्म्युले पाठ करून. मी क्लास लावला (नाव घेत नाही), तिथे पहिल्याच दिवशी फॉर्म्युल्यांची झेरॉक्स हातात दिली आणि मग आयएमपी प्रश्नांचे टाईप करून घेतले, टाईप जरा बदलला की माझा हात थांबायचा. एकदा विचारलं, सर इंटिग्रल घेतो म्हणजे आपण नक्की काय करतो, तर म्हणाले ते पेपरला येत नाही. एम थ्री राहिला तेव्हा मला राग मार्कांचा नव्हता आला, त्या उत्तराचा आला होता.

तर कोर्स. लेक्चर्स २००७ ची आहेत, डेव्हिड जेरिसन म्हणून प्रोफेसर आहेत, खडू आणि फळा, बाकी काही नाही. दुसऱ्या लेक्चरच्या आसपास ते भोपळ्याचं उदाहरण घेतात, तिथले विद्यार्थी हॅलोविनला उंच बिल्डिंगवरून भोपळे खाली टाकतात त्यावरून. उंची ४०० फूट धरायची, टी सेकंदांनी भोपळा जमिनीपासून ४०० वजा १६ टी वर्ग इतका वर, म्हणजे ५ सेकंदात खाली. ४०० भागिले ५, सरासरी वेग सेकंदाला ८० फूट. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला सरासरीशी काय करायचंय, त्याला आपटताना वेग किती ते हवंय. हे ऐकून मी व्हिडिओ थांबवला आणि वहीत स्वतः करून बघितलं. शेवटच्या एका सेकंदाची सरासरी काढली, १४४ आली. शेवटच्या ०.१ सेकंदाची १५८.४. शेवटच्या ०.०१ ची १५९.८४. आकडे १६० कडे सरकताना दिसत होते, आणि डेरिव्हेटिव्ह (म्हणजे नेमक्या त्या क्षणाचा वेग) काढला, उणे ३२ टी, टी ५ ठेवला की बरोबर १६० (उणे, कारण खाली येतोय). ताशी साधारण १७५ किलोमीटर! लिमिट म्हणजे काय हे मला त्या तीन आकड्यांनी समजलं, डिप्लोमापासून ते चिन्ह नुसतं लिहीत आलो होतो.

पाच युनिट आहेत: डिफरन्सिएशन, त्याचे उपयोग, डेफिनिट इंटिग्रल, इंटिग्रेशनच्या पद्धती आणि शेवटी अनंताचं म्हणजे इम्प्रॉपर इंटिग्रल, सिरीज वगैरे. स्वतः अभ्यास करणाऱ्यांसाठी १८.०१ एससी नावाचं वेगळं पान आहे, तेच उघडा, त्यात सगळं तुकडे पाडून लावलंय, गणितं आणि परीक्षांची उत्तरंही दिलीत. मधेमधे छोटे प्रॉब्लेमचे व्हिडिओ येतात, शिकवणारा गणित लिहितो आणि सांगतो की व्हिडिओ थांबवा, आधी तुम्ही करा, मग सोबत करू. खरंच थांबवा, ढकलत पुढे गेलात तर काही उपयोग नाही.

एम थ्रीवाल्यांसाठी सोनं म्हणजे चौथं युनिट. पार्शल फ्रॅक्शनला (मोठा अपूर्णांक साध्या अपूर्णांकांच्या बेरजेत फोडायला) आम्ही पानभर समीकरणं मांडायचो, इथे झाकायची पद्धत शिकवतात. खाली (एस वजा १) आणि (एस अधिक २), वर एस अधिक ५ असेल तर (एस वजा १) बोटाने झाका, उरलेल्यात एस = १ टाका, ६ भागिले ३, झालं २. दुसरा झाकून एस = उणे २ टाका, ३ भागिले उणे ३, उणे १. इन्व्हर्स लाप्लासला किती वेळ वाचतो बघा. कंस वेगवेगळे आणि साधे असतील तेव्हाच असं पूर्ण सुटतं, वर्ग आला की थोडं जास्त करावं लागतं, तेही ते सांगतात.

आता कमी काय आहे. लाप्लास, फुरियर या कोर्समध्ये नाहीत, हा पाया आहे, ते वेगळं करावंच लागेल. अडलं तर विचारायला कुणी नाही, मी एका इंटिग्रलवर तीन दिवस काढले. सर्टिफिकेट मिळत नाही. फूट आणि मैल सारखे येतात. व्हिडिओ जुना आहे, फळ्यावरचं बारीक मोबाईलवर वाचता येत नाही, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बघा. इंग्लिशचं म्हणाल तर पहिले चार-पाच दिवस मला जड गेलं, सबटायटल लावून आणि स्पीड कमी करून बघितलं, नंतर कान बसला. गणिताचं इंग्लिश तेवढंच असतं, तेच शब्द परत परत येतात. ट्रिग्नोमेट्री मात्र आधी घासून घ्या, ती येते असं धरूनच चालतात.

रजिस्ट्रेशन नाही, पैसे नाहीत, व्हिडिओ डाउनलोड होतात. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो शंका विचारायची सोय नाही म्हणून. रिझल्ट लागल्यापासून पहिलं कॉलेज लेक्चर होईपर्यंत जो वेळ असतो ना, तेव्हाच पहिली दोन युनिट उरकून टाका, आणि कुठे अडलं तर खाली कमेंटमध्ये गणित टाका, मला येत असेल तर मी नक्की सोडवून देईन.