लंडनमध्ये सिरॅमिक डिझाइनचं शिक्षण : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मी पेणची. आमच्या घरासमोरच गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे साच्यात शाडू दाबण्याचा आवाज ऐकतच मी मोठी झाले. उपयोजित कलेची पदवी घेतली, तीन वर्षं एका टाइल कंपनीत डिझाइनचं काम केलं आणि गेल्या सप्टेंबरात लंडनच्या एका कला महाविद्यालयात दोन वर्षांच्या एम.ए.ला आले. विषय सिरॅमिक डिझाइन. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण विचारतात, एवढे पैसे घालून तिथे जावं का? पहिल्या दोन महिन्यांत मी जे उत्तर दिलं असतं ते चुकीचं ठरलं असतं. आता पहिलं वर्ष संपलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते. कुंभाराचं चाक शिकायला इतक्या लांब येऊ नका. आमच्या अख्ख्या वर्षात चाकावरची शिकवणी जेमतेम सहा आठवडे झाली, तीही आठवड्यातून एक दिवस. धारावीच्या कुंभारवाड्यात कुणी महिनाभर शेजारी बसवून घेतलं, तर त्याहून जास्त हात बसेल. हाताचं कसब आपल्याकडे भरपूर आहे आणि ते शिकवणारी माणसंही आहेत.

मला इथे मिळालं ते वेगळंच : मातीला नेमका प्रश्न कसा विचारायचा आणि तिचं उत्तर लिहून कसं ठेवायचं.

पहिल्याच महिन्यात काम मिळालं ते ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, एकवीस तुकड्यांचं. एक त्रिकोण आखायचा. एका कोपऱ्यात शंभर टक्के फेल्डस्पार हे खनिज, दुसऱ्यात सिलिका म्हणजे गारगोटीची पूड, तिसऱ्यात चुनखडीची पूड. मधल्या प्रत्येक घरात वीस-वीस टक्क्यांनी प्रमाण बदलत जायचं, एकूण २१ मिश्रणं. प्रत्येक मिश्रण एका छोट्या तुकड्यावर लावून १२६० अंशांना भाजायचं. टाइल कंपनीत ग्लेझ तयार पिंपातून यायचं, त्यामुळे त्यात काय असतं हे मला फक्त ऐकून माहीत होतं. भट्टी उघडली तेव्हा सिलिकाचा कोपरा कोरडा, चुनखडीचा कोपरा कोरडा. दोन्ही बोटानं खरवडले तर पूड निघत होती. फेल्डस्पार एकटा वितळला होता, पण दुधाळ आणि बारीक चिरांनी भरलेला. आणि तिघं योग्य प्रमाणात एकत्र आले होते तिथे चार-पाच तुकड्यांवर पाण्यासारखी चकाकी! जे एकटे त्या उष्णतेला वितळत नाहीत, ते एकमेकांच्या सोबतीनं वितळतात. हे वाचून माहीत असणं निराळं आणि आपल्या हातच्या तुकड्यांवर दिसणं निराळं. त्या तुकड्यांची पाटी मी अजून टेबलासमोर टांगून ठेवली आहे.

त्यानंतर वहीची सवय लागली. कोणती माती, किती वजन, ओली असताना माप किती, भाजल्यावर किती, ताशी किती अंशांनी तापवलं, कुठे थांबवलं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीच्या कणांची, रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, निवताना तितकाच आकसतो, म्हणून तिथे घाई केली की भांडं तडकतं. टाइलच्या रोलर भट्टीतून फरशी तासाभरात भाजून बाहेर येते. इथे भट्टी लावणं, तापणं, निवणं धरून दोन दिवस सहज जातात. सुरुवातीला जीव कासावीस व्हायचा. आता त्या दोन दिवसांत पुढच्या चाचणीचं कागदावर मांडून होतं.

साच्याच्या कामात मात्र मला घरचा आधार मिळाला. प्लास्टर पाण्यात कसं सोडायचं, हात लावायच्या आधी ते पाणी पिऊ द्यायचं, कधी ढवळायचं, हे मी समोरच्या तात्यांकडे पाहिलेलं होतं. फरक इतकाच, की पेणला साच्यात माती दाबतात आणि इथे ओततात. पातळ केलेली माती, म्हणजे स्लिप, कोरड्या प्लास्टरच्या साच्यात भरायची. प्लास्टर पाणी शोषतं आणि कडेनं मातीचा थर धरतो. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेली स्लिप ओतून टाकायची. स्लिप पातळ करायला नुसतं पाणी वाढवून चालत नाही, थेंब-थेंब सोडियम सिलिकेट घालावं लागतं. तो थोडा जास्त झाला तरी सगळी बादली दह्यासारखी होऊन बसते. माझ्या दोन बादल्या अशा गेल्या.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा सगळ्यात वरचा मजला सिरॅमिकचा आहे आणि तिथे प्रवेश मोफत. माझ्या मते तो अर्धा अभ्यासक्रम आहे. नामवंत सिरॅमिक कलावती ल्यूसी री १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या. त्यांचा स्टुडिओ या संग्रहालयात जसाच्या तसा मांडून ठेवला आहे. युद्धाच्या काळात त्या पोट भरण्यासाठी सिरॅमिकची बटणं करत, प्लास्टरच्या साच्यात माती दाबून. १९४६ मध्ये हान्स कोपर, पुढे स्वतःही नावाजलेले सिरॅमिक कलावंत, त्यांच्याकडे आले तेही बटणांच्याच कामाला. इतकी मोठी कलावती आणि काम आमच्या तात्यांच्या कारखान्यातल्यासारखं! त्या दिवशी मी घरी फोन करून हे आधी तात्यांना सांगितलं.

फेब्रुवारीत स्टोक-ऑन-ट्रेंटला गेलो. लंडनहून रेल्वेनं दीड तास. टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन, लाँग्टन ही सहा गावं १९१० मध्ये एक झाली, आणि अठराव्या शतकापासून इंग्लंडच्या मातीकामाचं हे माहेर. लाँग्टनच्या ग्लॅडस्टन संग्रहालयात बाटलीच्या आकाराच्या जुन्या कोळसा भट्ट्या उभ्या आहेत, आत जाऊन वर बघता येतं. बर्सलेमला वेजवुड इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरचं टेराकोटाचं काम पाहायला मी मुद्दाम थांबले. त्याच्या रचनेत हात असलेले जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईला जे.जे.त शिकवायला आले, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांचीच. त्या दारातून मी कितीदा गेले असेन, मान वर करून पाहिलं नव्हतं.

स्टोकची खासियत म्हणजे बोन चायना. अर्धी हाडांची राख, पाव भाग कॉर्नवॉलची चिनी माती, पाव भाग तिथलाच दगड. हे प्रमाण जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस बसवलं गेलं. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक होणारी भांडी, आधी हजार अंशांना भाजतात आणि मग ग्लेझ लावून वरच्या तापमानाला. बोन चायनाचं उलटं : आधी १२४० च्या आसपास, टेकू देऊन, आणि ग्लेझ नंतर १०८० ला. मी जुन्या सवयीनं केलं. नऊ वाट्या वितळत्या मेणासारख्या एका बाजूला झुकल्या आणि तीन भट्टीतल्या पाटीला चिकटल्या. वहीत ते पान मी लाल शाईनं लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. ती राख गुराढोरांच्या हाडांची असते. आजीनं फोनवर विचारलं, "कसली हाडं गं?" मी खरं ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू कर तुझं काम. माझ्यासाठी कप करशील तो मात्र दुसऱ्या मातीचा कर." तिचा कप पोर्सिलेनचा, म्हणजे हाडांची राख नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीचा, केला. ज्यांना हा प्रश्न पडेल त्यांनी संकोच न करता विचारावं. राखेऐवजी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट वापरूनही बोन चायना करता येतं, आणि पोर्सिलेन तर आहेच. माझ्या शिक्षिकेनं हे अगदी आदरानं समजून घेतलं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी भट्टीची. माहितीपत्रात भट्ट्यांची संख्या छान दिसते, पण त्या किती विद्यार्थ्यांत वाटल्या आहेत ते लिहिलेलं नसतं. मे महिन्यात, सादरीकरणाच्या तोंडावर, रांग सतरा दिवसांवर गेली. दोन भट्ट्या बंद, दुरुस्तीवाला येईना, आणि तंत्रज्ञ आठवड्यातून तीनच दिवस. माझे चार तुकडे कच्चेच मांडावे लागले. एवढी फी भरून हे व्हायला नको होतं आणि मी ते लेखी कळवलं आहे. प्रवेशाआधी ईमेल करून विचारा : माणशी किती भट्ट्या, तंत्रज्ञ किती दिवस, कार्यशाळा रात्री किती वाजता बंद होते. प्राध्यापकांच्या नावांपेक्षा हे महत्त्वाचं आहे. मला जे आलं त्यातलं निम्मं तंत्रज्ञांनी शिकवलं.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी लंडनच्या राहणीखर्चाचे दरमहा १,५२९ पाउंड, नऊ महिन्यांचे, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात, फी वेगळी. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास नोकरी करता येते. पण स्वतःचा धंदा करता येत नाही! म्हणजे आपली भांडी बाजारात किंवा इन्स्टाग्रामवर विकणंही नाही. "भांडी विकून खर्च काढीन" असा हिशेब करून येणाऱ्या दोघी मला भेटल्या, म्हणून ठळकपणे लिहिते. मी शनिवार-रविवार एका सार्वजनिक स्टुडिओत पगारावर भट्ट्या लावते आणि साफसफाई करते.

साफसफाईवरून आठवलं. इथे झाडू मारायला सक्त मनाई आहे. वाळलेल्या मातीची धूळ उडते, तिच्यातली बारीक सिलिका फुप्फुसात बसते ती निघत नाही. सगळं ओल्या फडक्यानं, ओल्या पोछ्यानं पुसायचं. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, आयुष्यभर नाकातोंडात गेली आमच्या." म्हटलं, "म्हणूनच सांगतेय, तात्या." आता त्यांच्या कारखान्यात संध्याकाळी आधी पाणी शिंपडतात, मग गोळा करतात. दहा महिन्यांतलं माझं सगळ्यात उपयोगी काम मला हेच वाटतं.

ज्यांना थेट स्टुडिओ काढून भांडी करायची आहेत त्यांनी हा खर्च करू नये, त्या पैशांत इथे नाही पण गावी उत्तम भट्टी येईल. ज्यांना ग्लेझ, साचे, उत्पादन यांत खोल जायचं आहे आणि रोज अपयशाची नोंद ठेवायचा कंटाळा नाही, त्यांनी जरूर यावं. मी पुन्हा आले असते.

पोर्टफोलिओबद्दल बरेच जण विचारतात. माझ्यात चकचकीत फोटो बरेच होते. मुलाखतीत त्यांनी ते भराभर उलटले आणि तळाला इंग्रजी एससारखी चीर गेलेल्या एका वाटीच्या फोटोवर थांबले. शेजारी मी पेन्सिलनं लिहिलं होतं : "तळ दाबला नाही. मे महिना, पंख्याखाली वाळवली." मुलाखत पंचवीस मिनिटांची होती. त्यातली पंधरा मिनिटं आम्ही त्या वाटीवर बोललो.