एकट्या मुलाच्या सोबतीला कोंबड्या : काही महिन्यांनंतरचा अनुभव

बदलीमुळे आम्ही कुडाळला राहायला आलो आणि पाचवीतल्या आमच्या मुलाला नव्या शाळेत बोलायलाही कोणी उरले नाही, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर परसात ग्रामप्रिया जातीची पिल्ले आणली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली ही जात बऱ्यापैकी काटक असून तपकिरी अंडी देते. बालकादंबऱ्यांतला एकटा मुलगा कोंबडीला मनातले सांगतो आणि ती त्याची जिवलग होते. त्या अपेक्षेने मात्र कोणी पिल्ले आणू नयेत. कोंबडी हाताला सरावते, दाणे टाकणाऱ्याच्या मागे धावते, प्रसंगी मांडीवरही बसते, पण तिचे लक्ष दाण्यावर आणि कळपातल्या आपल्या जागेवर असते.

मुलाला खरी सोबत मिळाली ती कोंबड्यांच्या कामातून. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करावी लागते. त्यासाठी तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहावे: ती दिव्याखाली दाटी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, आणि चोची उघड्या टाकून कडेला पांगली असतील तर दिवा वर घ्यावा. हे मुलगा आमच्याआधी शिकला. राणीखेत, म्हणजे गावच्या भाषेत मानमोडी, टाळण्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालावा लागतो, आणि एकाने पिल्लू धरल्याशिवाय दुसऱ्याला तो घालता येत नाही. तोवर कुंपणापलीकडून नुसता पाहत राहणारा शेजारचा मुलगा त्या दिवशी पिल्ले धरायला आत आला आणि मग रोजच येऊ लागला. कोण कोणाला टोचते, कोणाला आधी दाणे मिळतात, याची दोघांनी वही ठेवली. टोचण्याचा हाच क्रम नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या निरखून शोधला होता, हे कळल्यावर तर वहीत तक्ते आले.

विकत घेतलेल्या तयार खुराड्याने मात्र निराशा केली. जाळीची भोके मोठी, कडी ढिली, तळाला काहीच नाही. मुंगसाने एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, नेली. त्यानंतर अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे सांधलेल्या तारांची जाळी, बसवली आणि कडेने ती फूटभर जमिनीत पुरली. कोकणातल्या पावसात खाली पसरलेले भाताचे तूस रोज खालीवर करावे लागते, नाहीतर ओल धरून अमोनियाचा वास सुटतो आणि कोंबड्यांचे डोळे झोंबू लागतात. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जातात, दार लावणे तेवढे माणसाचे काम. दोघा मुलांनी त्याची पाळी लावून घेतली आहे.

अंडी सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू झाली, पण थंडीत दिवस लहान होता आणि उजेड कमी पडला की अंडी घटतात, म्हणून पहाटे बल्ब लावून उजेड चौदा तासांच्या आसपास नेला. कवच पातळ येऊ लागले तेव्हा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला. खाद्य, वीज आणि जाळीचा हिशेब मांडला तर बाजारातली अंडी स्वस्त पडतात.

पिल्ले नर-मादी न निवडता मिळाली होती, त्यामुळे जास्तीच्या नरांचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या काकूंनी एका रविवारी कोंबडी-वडे केले. आमचा मुलगा ताटावरून उठला, त्याचा मित्र पोटभर जेवला, आणि पुढचे काही दिवस दोघे एकमेकांशी न बोलता खुराडे झाडत होते. यापुढे नर पिल्लांचे आणि अंडी द्यायचे थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबड्यांचे काय करायचे, हे दोन्ही घरांनी मुलांसमोर आधीच बोलून ठरवले आहे: एक कोंबडा राहील, बाकीचे आठवडी बाजारात जातील, आणि म्हाताऱ्या कोंबड्या परसातच राहतील.