लातूरकरांनो, लिनक्सचा लॅपटॉप असंल तर या दुकानात बिनधास्त जा

माझ्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आहे. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, अपडेट झाला अन् लॅनची केबल लावली तरी नेटच येईना. आधी एका दुकानात गेलो तर त्यांनी लिनक्स बघितल्याबरोबर पोर्ट गेलंय, बोर्ड बदला नाहीतर विंडोज टाका म्हणून सांगितलं, लई जीवावर आलं. मग गंजगोलाईजवळच्या या छोट्या दुकानात आलो. दादांनी लॅपटॉप खोलला पण नाही, सरळ टर्मिनल उघडून एलएसपीसीआय मारलं, पुढं -एनएनके; कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर चालतंय ते ही कमांड दाखवती. रियलटेक कंपनीचं नेटचं कार्ड दिसायलं होतं, पण त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. म्हणले पोर्ट चांगलंय, कार्ड चालवणारा ड्रायव्हरच लोड होईना गेलाय.

झालं असं की मी मागं आर८१६८-डीकेएमएस नावाचं वेगळ्या ड्रायव्हरचं पॅकेज टाकलं होतं, ते कर्नलमधल्या आर८१६९ ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करतंय, म्हणजे लोडच होऊ देत नाही. डीकेएमएसचं मॉड्यूल (ड्रायव्हरच) प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बनवावं लागतंय, आणि त्याला लागणाऱ्या नव्या कर्नलच्या फाइली, म्हणजे हेडर्स, नसल्यामुळं ते बनलंच नाही, म्हणजे हेही नाही अन् तेही नाही. दादांनी ते पॅकेज पर्ज केलं, म्हणजे सेटिंगसकट काढून टाकलं, रीबूट मारलं, कर्नलमधला ड्रायव्हर लोड झाला अन् पोर्टाजवळची केशरी लाईट लुकलुकायला लागली, खरंच सांगतो अंगावर काटा आला. तेच पॅकेज पुन्हा लागलं तर आधी लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाकून ठेवा, मग प्रत्येक कर्नलसोबत हेडर्स आपोआप येतेत, हे कागदावर लिहून पण दिलं.

पैसे दोनशेच घेतले. एकटेच असतेत, संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा.