सोलर वॉटर हीटर (२०० लिटर, ट्यूबवाला) : पावसाळा सोडला तर झकास

गच्चीवर काचेच्या ट्यूबांचा सोलर बसवून एक पावसाळा आणि एक हिवाळा झाला, घरात आम्ही चौघं म्हणून २०० लिटर घेतला. डिसेंबरातही सकाळी पाणी असं कडक की थंड मिसळल्याशिवाय हात घालवत नाही. आधी २ किलोवॅटचा गिझर होता, तो तासभर चालला की २ युनिट गेलेच, एका बादलीलाच अर्धा-पाऊण युनिट लागतं, वर चिरंजीव बटण चालू ठेवून कॉलेजला पसार. आता बिलात चांगलाच फरक दिसतोय.

पण जुलै-ऑगस्टात सलग ढग असले की पाणी कोमट, बॅकअप लागतोच. त्यासाठी सोलरच्या टाकीतली विजेची कॉईल मला तरी पटत नाही, एकाच्या आंघोळीसाठी एवढी मोठी टाकी कशाला तापवायची, त्यापेक्षा बाथरूममधला जुना गिझरच ठेवलाय, लागेल तेवढाच चालू करायचा.

बसवायला आलेल्याने गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशनच घातलं नव्हतं, विचारलं तर म्हणे "काका, आपल्याकडे गरज नाही त्याची"!! भांडून काळा फोम गुंडाळून घेतला. आता एकामागून एक आंघोळी झाल्या तर मधे पाइप गार पडत नाही, सकाळची पहिली अर्धी बादली मात्र अजून थंडच येते, ती बायको धुण्याला घेते.

आणि बोअरचं जड पाणी असेल तर हा घेऊच नका, ट्यूबमधे क्षार साचतात, हीट एक्स्चेंजरवाला (ज्यात आपलं पाणी ट्यूबमधे न जाता वेगळ्या गरम पाण्याच्या उष्णतेवर तापतं) बघा, महाग पडेल पण टिकेल. माझ्याकडून पाचपैकी ४.