नॉर्वेचा व्हिसा एजंटकडून, ड्रोनची नोंदणी स्वतःच्या हाताने

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या व्हिसा ऑफिसला मी मनापासून चांगले गुण देते. व्हिसा तर त्यांनी नीट करून दिलाच, पण ड्रोनच्या कामाला पहिल्याच भेटीत सरळ नाही म्हटलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. "मॅडम, व्हिसा आमचा. ड्रोनचं आम्हाला कळत नाही, त्याचे पैसे आम्ही घेणार नाही," असं तिथल्या दादांनी सांगून टाकलं. त्याआधी पुण्यातल्या एका मोठ्या फर्मने 'ड्रोन क्लिअरन्स'चे वेगळे 18,000 रुपये सांगितले होते. कुठल्या खात्याची परवानगी काढणार, या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी ही हिमनदीने कोरलेली सगळी भूरूपं फळ्यावर काढून दाखवावी लागतात, कारण आपला सह्याद्री बेसाल्टचा आणि नद्यांनी कोरलेला. हिमनदीचं काम इथे दाखवणार कुठे? नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर ते थेट समुद्रापर्यंत उतरलेलं आहे आणि वरून पाहिलं तर एका चौकटीत मावतं. मुलांना ते दाखवायचं म्हणून ड्रोन न्यायचाच होता.

आधी व्हिसाचं. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. अर्ज आधी नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याच्या पोर्टलवर भरायचा, शुल्क तिथेच ऑनलाइन, मग व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर कागद आणि बोटांचे ठसे. शुल्क जून 2024 पासून मोठ्यांसाठी 90 युरो आहे, केंद्राचा सेवा आकार वेगळा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दादांनी आम्हाला उन्हाळ्याची गर्दी सुरू होण्याआधीच करायला लावला.

ते कागद वाचतात, नुसते गोळा करत नाहीत. माझ्या रजामंजुरीच्या पत्रातली परतीची तारीख विमानाच्या तारखेशी जुळत नव्हती, तर कॉलेजातून पत्र बदलून आणायला लावलं. अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम भरू नका, एफडीची पावती तशीच जोडा, असं बजावलं. आम्हाला जाताना कोपनहेगनला मुक्काम करायचा होता, तेव्हा डेन्मार्क की नॉर्वे हा प्रश्न आला. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, हे त्यांनी लगेच सांगितलं. कव्हर लेटर तयार नमुन्यावरून दिलं नाही. "तुमच्या शब्दांत लिहा, आम्ही फक्त तपासतो." हे मला फार आवडलं.

आता ड्रोन. हे काम कुणालाही देऊ नका. नॉर्वेत युरोपियन युनियनचेच ड्रोन नियम 2021 पासून लागू आहेत आणि त्यांत जबाबदारी उडवणाऱ्याची असते, एजंटची नाही. माझा ड्रोन, डीजेआय मिनी 2, उडताना 249 ग्रॅमचा. 250 ग्रॅमच्या आत असला तरी कॅमेरा आहे, म्हणून ऑपरेटर म्हणून नोंदणी करावीच लागते. परीक्षा मात्र या वजनाला सक्तीची नाही. पंख्यांना संरक्षक जाळी लावली की वजन 250 च्या पुढे जातं आणि मग ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते. 40 प्रश्न, 75 टक्क्यांना पास. मी जाळी घरीच ठेवली, पण परीक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण वाचला. तुम्हीही वाचा.

नोंदणी नॉर्वेच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या फ्लायड्रोन या संकेतस्थळावर होते, इंग्रजीत, आणि शुल्क कार्डाने भरता येतं. इतकं स्वच्छ सरकारी संकेतस्थळ मी क्वचितच पाहिलंय. एका देशात नोंदणी केली की या नियमांखालच्या बाकीच्या देशांतही तोच क्रमांक चालतो, दुसरीकडे पुन्हा करायची नाही. क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा, पण शेवटची तीन अक्षरं सोडून; ती गुप्त असतात.

नोंदणी झाली म्हणजे कुठेही उडवायची मुभा मिळाली असं नाही, आणि खरा अभ्यास इथेच आहे. उंची 120 मीटरपर्यंत, ड्रोन कायम नजरेसमोर, विमानतळापासून 5 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही. लोफोटेनमध्ये लेक्नेस आणि स्वोल्वेरला छोटे विमानतळ आहेत, त्यामुळे स्वोल्वेर गाव वर्तुळात येतं. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांतही बंदी आहे. लोफोटेनमधल्या लोफोटोडन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मी ड्रोन पिशवीतून बाहेर काढला नाही. राइने गावाच्या बाजूला, वस्तीपासून लांब, मला हवी ती यू आकाराची दरी मिळाली.

निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. ड्रोन, सिरियल नंबर आणि खरेदीचं बिल दाखवावं लागतं, म्हणून चेक-इनच्या आधी वेळ ठेवा. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने परत येताना 'हा इथूनच नेलेला' हे दाखवणारा कागद हाती असायलाच हवा. बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. माझी एक बॅटरी 17.32 वॉट-अवरची, म्हणजे विमानातल्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेत अगदी सहज बसते.

ऑफिसबद्दल एक तक्रार आहे. पासपोर्टचे स्कॅन ते व्हॉट्सॲपवर मागवतात. मला ते पटत नाही, मी पेनड्राइव्हवर नेले आणि काम झाल्यावर त्यांच्या संगणकावरून पुसायला सांगितले. त्यांनी माझ्यासमोर पुसले.

त्यांची फी माणशी 2,500 रुपये, पावतीसह. शनिवारी दुपारनंतर बंद असतं. मोरोक्को किंवा इजिप्तला जाणार असाल तर व्हिसाचं त्यांना जरूर विचारा, पण ड्रोन घरीच ठेवा. पूर्वपरवानगीशिवाय तो तिथल्या विमानतळावरच अडकतो.