आधी वाचू की आधी पाहू? कॉमिक्सवेड्यांसाठी एक कौल

सुट्टीला घरी आलेली कॉलेजची पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. "काका, 'वॉचमेन'चं पुस्तक घेऊ, का सिनेमाच पाहून टाकू भो?" जळगाव-भुसावळकडे या प्रश्नाला खिशाचीही बाजू आहे. जाड ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कादंबरी, दुकानात चाळून, किंमत बघून घ्यायची सोय इथे जवळपास नाहीच. ते ऑनलाइन मागवावं लागतं, आणि तेवढ्या पैशात घरातले चौघं सिनेमा पाहून येतात, वर शेवभाजीही होते. म्हणून "दोन्ही करा" असं गुळमुळीत उत्तर मी देत नाही.

माझा कौल पानावर ठरतो. चौकटी कशा मांडल्या आहेत यातच गोष्टीची निम्मी गंमत असेल तर आधी पुस्तक. चौकटी फक्त गोष्ट पुढे ढकलत असतील तर खुशाल पडद्यापासून सुरुवात करा.

'वॉचमेन', म्हणजे मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्यांची गोष्ट, पहिल्या जातीतलं. अ‍ॅलन मूर यांचं लेखन, डेव्ह गिबन्स यांची चित्रं, 1986-87 मध्ये आलेले बारा अंक. बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली, तीन आडव्या, तीन उभ्या. पहिलंच पान बघा. गटाराशी रक्तात पडलेला पिवळा हसरा बिल्ला. पुढच्या चौकटीत आपण थोडे वर, मग आणखी वर. खाली कुणीतरी फुटपाथवरचं रक्त पाण्याने धुतंय, हातात पाटी घेतलेला एक माणूस त्याच रक्तातून चालत जातो, आणि शेवटच्या चौकटीत आपण कित्येक मजले वर, फुटलेल्या खिडकीशी. मेलेला माणूस कुठून पडला ते तोपर्यंत आपल्याला कळलेलं असतं. किती वेगाने वर जायचं, मधेच थांबून त्या पाटीवरची अक्षरं वाचायची का, हे आपण ठरवतो. पाचवा अंक तर असा रचलाय की पहिलं पान शेवटच्या पानाचं आरशातलं रूप वाटतं आणि मधोमध दोन पानांवर पसरलेली मारामारी. हे पडद्यावर आणणार कसं? सिनेमा मागे पलटून बघता येत नाही. रिमोट हातात असला तरी नाही, कारण ती दोन पानं एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात.

झॅक स्नायडरचा 2009 चा सिनेमा मात्र टाकाऊ नाही. सुरुवातीची श्रेयनामावली, ज्यात मुखवटेवाल्यांचा अख्खा इतिहास जवळजवळ थिजलेल्या दृश्यांतून सरकतो, ती पुस्तकाच्याही पुढे जाते असं मी छातीठोक सांगतो. बाकीचा सिनेमा चौकटी इतक्या इमानदारीने उचलतो की मधूनमधून गुदमरल्यासारखं होतं.

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या सुपरहिरोंचं उलटं. इथे आधी पडदा, आणि मला विचाराल तर बऱ्याच ठिकाणी फक्त पडदा. सुपरहिरोंच्या आपसातल्या भांडणाचं 'सिव्हिल वॉर' कॉमिक 2006-07 चं, मार्क मिलर यांनी लिहिलेलं, सात अंकांचं. पण त्याचे धागेदोरे इतर मासिकांत इतके पसरलेत की नुसते सात अंक वाचणाऱ्याला मधेच कुणाच्या तरी भांडणात शिरल्यासारखं वाटतं. 2016 च्या सिनेमात माणसं मोजकी, भांडण घरातलं, म्हणून ते लागतं. कॉमिकची एकच गोष्ट सिनेमात हवी होती: पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, पत्रकारांसमोर मुखवटा काढून स्वतःचं नाव सांगतो ते पान.

मार्व्हलचाच खलनायक थॅनोस, त्याचंही तसंच. 1991 च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट'मध्ये तो अर्धं विश्व संपवतो ते मृत्यूला खूश करायला. तिथे मृत्यू ही बाईच्या रूपात उभी असते आणि हा तिच्यावर भाळलेला. 2018 च्या सिनेमात कारण बदललं: खाणारी तोंडं जास्त, साधनं कमी. कॉमिकमधला थॅनोस वेडा प्रियकर आहे, सिनेमातला हिशेबी माणूस. ओट्यावर बसून तासभर वाद घालायला दुसरा बरा.

'अकिरा'बद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. हे जपानी कॉमिक, सहा जाड खंड, दोन हजारांवर पानं. कात्सुहिरो ओतोमो यांनी ते 1982 ते 1990 लिहिलं-रेखाटलं आणि मधेच, 1988 मध्ये, स्वतःच सिनेमाही दिग्दर्शित केला. म्हणजे गोष्ट कागदावर संपायच्या आधी पडद्यावर संपली. दोन्हींचा शेवट वेगळा, दोन्ही त्यांचेच. आधी सिनेमा पाहा. फक्त मोबाइलवर नको, घरातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर. आवडला तर पहिला खंड मागवा. सहाच्या सहा एकदम घेऊन माळ्यावर टाकणारे मी पाहिलेत.

इराणमधल्या बालपणाची आत्मकथा 'पर्सेपोलिस' कुठूनही सुरू करा. मार्जान सत्रापी यांनीच पुस्तक केलं, 2007 च्या सिनेमाच्या सहदिग्दर्शिकाही त्याच. टिनटिन पोरांच्या हाती आधी पुस्तकरूपात द्या. स्पीलबर्गच्या 2011 च्या सिनेमाने तीन पुस्तकांची मोट बांधलीय. आपल्या 'चिंटू'चे सिनेमे 2012 आणि 2013 मध्ये आले, पण रोजच्या तीन-चार चौकटींत मावणारा पोरगा तिथेच शोभतो. थोरल्यांचा वेताळ (इंग्रजीतला फँटम) इंद्रजाल कॉमिक्समध्येच राहू द्यावा. 1996 चा इंग्रजी सिनेमा बघून हाती फारसं लागत नाही.

आता सुपरमॅन, आणि इथे आपल्या भागाचं नाव घ्यावंच लागतं. खानदेशाच्या उंबरठ्यावरच्या मालेगावात शेख नासिर यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. यंत्रमागावर काम करणारा काटकुळा नायक, मागे हिरवं कापड, आणि लढाई तंबाखूशी. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा 2008 चा माहितीपट त्याच खटपटीचा. लोक हसून सोडून देतात. पण 1938 च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक उघडा. तिथला सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, राजकारण्याला पैसे चारणाऱ्या दलालाला उचलून तारांवरून पळतो. ग्रहबिग्रह वाचवत नाही. त्याला उडताही येत नव्हतं, फक्त लांब उड्या. उडणं रूढ झालं ते पुढे, 1941 पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या कार्टूनमुळे. त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट हा दगड तर रेडिओवरच्या मालिकेतून आला. रूपांतरांनीच मूळ घडवलेला हा नायक. गल्लीतल्या व्यसनाशी भांडणारा मालेगावचा गडी मला त्या पहिल्या अंकाच्या जास्त जवळचा वाटतो. म्हणून सुपरमॅनपुरता माझा क्रम: माहितीपट, मग 1978 चा क्रिस्टोफर रीव्हचा सिनेमा, मग जुने अंक.

भाषेचंही बघून घ्या. इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं सगळी कॅपिटल, वर बोलीभाषा. मराठी माध्यमातून आलेल्याला सुरुवातीची वीसेक पानं जड जातात. सिनेमाला हिंदी डबिंग मिळतं, पण 'वॉचमेन'सारख्या पुस्तकासाठी तेवढं जड जाणं परवडतं. फोनवर मात्र ते वाचू नका, जोडपान दुभंगलं की पाचव्या अंकाची सगळी मजा गेली.

वर्षात एकच पुस्तक परवडणार असेल तर तेच घ्या. 'वॉचमेन'वरची एचबीओची 2019 ची मालिका बघायचा बेत असेल तर त्याआधी घ्याच. सिनेमाने शेवट बदललाय आणि मालिका पुस्तकाच्या शेवटावर उभी आहे. नुसता सिनेमा पाहून बसलात तर पहिल्याच भागात आकाशातून स्क्विड (ऑक्टोपससारखे समुद्री जीव) पडायला लागतात आणि ते का, हे कुणी थांबून सांगत नाही.